जैतुनाचा नंदादीप

देवापुढच्या दिव्याला ऑलिव्हचं तेल चालतं का, हा धर्मशास्त्रातला प्रश्न मी एकटीनं, कुणा गुरुजींना न विचारता, रियाधमधल्या एका भाड्याच्या स्वयंपाकघरात निकालात काढला. निकाल असा की शास्त्रात ऑलिव्हचं नावच नाही, त्यामुळे मनाईही नाही. असा युक्तिवाद करायला एक तर मोठं पांडित्य लागतं, नाहीतर ऐन पंचविशीतला अडाणीपणा. पांडित्य माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

पण आधी देव तिथे पोचले कसे, ते सांगते. आमच्याकडे मुलगी सासरी निघाली की तिला माहेरची अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण देतात. पितळेचे, अंगठ्याएवढे. आमचे हे रियाधच्या एका इस्पितळात रक्तपेढीत टेक्निशियन होते. त्यांनी पत्रात बजावलं होतं, 'देव आणू नकोस. सापडले तर ते जातील आणि माझी नोकरीही जाईल.' मी कसली ऐकते! दोघांना प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि मेतकुटाच्या डब्यात तळाशी पुरलं. विमानतळावरच्या माणसानं डबा उघडला, नाक आत घातलं, आणि त्याला अशा काही सटासट शिंका आल्या की त्यानं झाकण लावून डबा माझ्या अंगावर ढकलला. 'यल्ला, यल्ला!' म्हणजे चला, चालू पडा. बाहेर आल्यावर ह्यांना सांगितलं, तेव्हा ह्यांचा चेहरा आतल्या मेतकुटापेक्षा पिवळा झाला.

तर ते दोघं ओट्याच्या वरच्या कपाटात राहायचे, डाव्या दाराआड. उजवीकडे डाळी. सकाळी दार उघडायचं, नमस्कार करायचा, दार लावायचं. दिवा लावायचा तो आमटीला फोडणी देईपर्यंत.

कुवेतमध्ये इराकी फौजा घुसल्या त्या भर उन्हाळ्यात. थंडी पडेपर्यंत सगळा देश युद्धाची वाट बघत बसला होता. मग एक दिवस हे घरी आले ते बॅग काढूनच. उत्तरेला सरहद्दीजवळच्या एका इस्पितळात रक्तपेढी वाढवायची होती आणि ह्यांना तिकडे पाठवत होते.

"अहो, नाही म्हणा ना."

"कुणाला नाही म्हणू? राहायचा परवाना, इकामा, त्यांनी दिलेला, पासपोर्ट त्यांच्या कपाटात."

"मग मी काय करू इथे एकटी?"

"दार लावून बस. एक चावी हाज्जाकडे देऊन ठेवतो. मी फोन करीन."

हाज्जा म्हणजे शेजारची म्हातारी. हज करून आलेल्या बाईला तिकडे हाज्जा म्हणतात. अख्खी बिल्डिंग तिला तेच म्हणे. मूळची पॅलेस्टाइनची, नाब्लुसजवळच्या डोंगरातल्या एका खेड्यातली. ती थोरल्या मुलाकडे राहायची, आणि तो कामावर गेला की संध्याकाळपर्यंत घरात एकटी. धाकटा मुलगा कुवेतमध्ये शाळामास्तर. फौजा घुसल्या तेव्हापासून त्याचा ना फोन, ना निरोप. आमच्याकडे फोन नव्हता, तिच्याकडे होता. त्यामुळे आम्ही दोघी एकाच फोनकडे डोळे लावून बसायचो, ती तिच्या माणसासाठी, मी माझ्या.

ती मला 'या बिन्ती' म्हणे, म्हणजे अगं मुली. मी तिला 'खालती' म्हणे, म्हणजे मावशी. बाकी सगळं तिचं अरबी, माझं बत्हाच्या बाजारात मेथीचा भाव करता करता शिकलेलं अरबी, आणि उरलेले हातवारे. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते आहे, त्यामुळे आम्ही दोघी फार अस्खलित बोलत होतो असं वाटेल. नव्हतो.

हे गेले त्या दिवशी त्या शहाणीनं, म्हणजे तेव्हाच्या मी, कपाटाचं डावं दार उघडून नवस बोलला. हे सुखरूप परत येईपर्यंत दिवा विझू देणार नाही. माझी आई नवरात्रात अखंड दिवा ठेवायची, तर नऊ दिवसांत घरातली सगळी माणसं वातीच्या पहाऱ्यानं हैराण व्हायची. आणि इथे बाईसाहेबांनी मुदतच घातली नाही! युद्ध सुरूसुद्धा झालेलं नव्हतं. ते संपणार कधी, हे मोठमोठ्या राष्ट्रांच्या अध्यक्षांना ठाऊक नव्हतं, पण माझ्याकडे तिळाच्या तेलाची एक बाटली होती, आणि तेवढ्यावर मी देवाशी करार करून मोकळी झाले.

बाटली अर्थातच संपली. बत्हाला जायचं तर टॅक्सी हवी, टॅक्सीला सोबत घरचा पुरुष हवा, आणि पुरुष होता सरहद्दीवर. घरात मक्याचं तेल होतं, पण सासूबाईंचा दंडक होता, 'देवाला तिळाचं नाहीतर तूप. बाकीची तेलं पुऱ्या तळायला.' तूप घालून बघितलं. रियाधची जानेवारीतली थंडी कुणाला खरी वाटत नाही, पण तूप दिव्यात दगडासारखं थिजलं आणि वात त्यात रुतून बसली. जेमतेम मोहरीएवढी ज्योत उरली तेव्हा मी हाज्जाच्या दाराशी धावले.

तिच्याकडे जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, तेलाचा चौकोनी पत्र्याचा डबा असायचा. घरच्या झाडांचं तेल, गावाकडून कुणाकुणाच्या हातांनी जॉर्डनमार्गे आलेलं. मला ऑलिव्ह ऑइल म्हणजे आमच्या तालुक्याच्या केमिस्टकडची बोटभर बाटली माहीत. बाळंतिणीच्या घरी ती आणली की आधी शेजाऱ्यांना दाखवायची, मग बाळाच्या अंगाला थेंबभर लावायची. आणि इथे ही बाई त्यात कांदा परतायची!

"थोडं तेल देता का?"

"डबाभर ने. कशाला हवंय?"

आता हिला काय सांगू? त्या देशात मूर्तीपुढे दिवा, आणि ही पाच वेळा नमाज पढणारी. माझ्या तोंडून निघालं, "केसांना."

हाज्जानं माझ्या डोक्याकडे बघितलं. हे गेल्यापासून मी कंगवा धड लावला नव्हता. केस म्हणजे सुगरणीचं उसवलेलं घरटं झालेलं.

"फार उशीर केलास," ती म्हणाली, आणि सरबताची रिकामी बाटली गळ्यापर्यंत भरून दिली.

तेल हिरवट, दाट, कापलेल्या गवताच्या वासाचं. दिव्यात घातलं आणि ज्योत शांत, सरळ उभी राहिली. ना तडतड, ना काजळी. मी देवांना म्हटलं, "चालवून घ्या. परदेशात आहात." त्यांनी चालवून घेतलं.

पण दिवा पितो किती! थोड्याच दिवसांनी मी पुन्हा दारात. हाज्जानं पुन्हा माझं डोकं बघितलं. ते जसंच्या तसं होतं, कोरडं ठक्क.

"या बिन्ती, हे तेल तू केसांना लावतेस की केसांना नुसतं दाखवतेस?"

"लावते हो. माझे केस फार पितात."

"उंटासारखे?"

तिनं बाटली भरली. तिसऱ्या खेपेला मात्र मला सोडलं नाही. हाताला धरून आत नेलं, जमिनीवर बसवलं, स्वतः मागे खुर्चीवर बसली आणि वाटीभर तेल कोमट करून माझ्या टाळूवर ओतलं. मी मनातल्या मनात हिशेब करत होते की एवढ्यात दिवा दुपारपर्यंत चालला असता.

"राजा नेमायचा तर त्याच्या डोक्यावर हेच तेल ओतायचे," ती बोटं फिरवत म्हणाली. "जुन्या पैगंबरांच्या काळी. तेल ओतलं की तो माणूस साधा राहायचा नाही, देवाचा व्हायचा."

"मग आता मी राणी झाले?"

"तू जटा असलेली राणी झालीस. मान सरळ ठेव."

ती त्या झाडाविषयी बोलायला लागली की थांबायची नाही. प्रलय ओसरत होता तेव्हा नावेवरच्या माणसांना जमीन उघडी पडल्याची खूण काय मिळाली? कबुतराच्या चोचीत ह्याच झाडाचं पान. मी म्हटलं, "आमच्याही गोष्टीत प्रलय आहे, नाव आहे. पण नाव माशानं ओढली. पान कुणी आणलं नाही." तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "मासा पान कसा आणेल?" प्रश्न मिटला.

तिच्या गावात काही झाडं इतकी जुनी होती की लोक त्यांना रोमी म्हणायचे, म्हणजे रोमन लोकांच्या वेळची. खोड पिळून काढलेल्या धुण्यासारखं, मधे ढोली. त्या ढोलीत ती लहानपणी लपायची, तिची आई लपली होती, आजी लपली होती. मी विचारलं, "त्याला सूत गुंडाळून फेऱ्या मारता का तुम्ही? आमच्याकडे वडाला मारतात, नवऱ्यासाठी."

"नवऱ्यासाठी झाडाला फेऱ्या?" हाज्जा इतकी हसली की तेल माझ्या कानात गेलं. "आमच्याकडे फेऱ्या कसल्या, सरळ वर चढतात! फळं काढायला अख्खं घर झाडावर. पण काठीनं झोडपायचं नाही हां. माझे आजोबा म्हणायचे, कुराणात देवानं ज्या झाडाची शपथ घेतली त्याला मारता? हातानं काढा, एकेक. आणि घाण्यातून पहिलं तेल निघालं की ते घरात यायचं नाही. ते दिव्यांना. जेरुसलेमला जायला जमत नसेल त्यानं तिथल्या दिव्यांसाठी तेल पाठवावं, असं आमच्यात आहे. तेल पोचलं म्हणजे माणूस पोचला."

तिची बोटं माझ्या केसांत तशीच थांबली होती. समोर टेबलावर फोन होता. मला आई आठवली, ह्यांची खरखरीत दाढी आठवली, आणि मी रडायला लागले. तिनं वेणी घालून दिली, इतकी घट्ट की डोळे वर ओढले गेले.

त्यानंतर युद्ध सुरू झालंच. रेडिओ सांगायचा, घरातली एक खोली प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीनं हवाबंद करा, विषारी वायू आला तर तिथे बसा. लोकांनी झोपायच्या खोल्या बंद केल्या. मी स्वयंपाकघर केलं, कारण देव तिथे. खिडकी बंद, फटी बंद, पाणी जायची मोरीसुद्धा बोळे घालून बंद, आणि आत चोवीस तास जळणारा दिवा. मी इराकच्या वायूनं मेले नसते, माझ्याच नवसानं मेले असते.

एका संध्याकाळी भोंगा वाजला आणि लगेच माझ्या दारावर धडाधड थापा. हाज्जा! तिचा मुलगा कामावरून आला नव्हता, ती एकटी घाबरली होती. मी दार उघडायच्या आधी धावत जाऊन कपाटाचं दार लावलं. आत दिवा जळतोय, आणि मी दार लावलं! मग आम्ही दोघी गॅस मास्क मांडीवर घेऊन ओट्याखाली टेकून बसलो. मास्क घालायचा कसा ते दोघींनाही येत नव्हतं. ती पुटपुटत प्रार्थना करत होती, मी मनात रामरक्षा म्हणत होते. आणि वरून, आमच्या डोक्यांवरच्या कपाटाच्या फटीतून, धुराची एक बारीक रेघ निघाली.

हाज्जानं प्रार्थना थांबवली. नाक वर केलं. मग माझ्या डोक्याकडे बघितलं, मग कपाटाकडे.

"या बिन्ती," ती शांतपणे म्हणाली, "तुझे केस कपाटात जळतायत, बघ."

मी उडी मारून दार किलकिलं केलं. आतल्या फळीवर काळा डाग पडला होता. मी अशी उभी राहिले की तिला आतलं दिसू नये. तिनं बघायचा प्रयत्नही केला नाही. उठली, खिडकीवरची चिकटपट्टी एका टोकानं टराटरा ओढून काढली, थंड हवा आत घेतली आणि म्हणाली, "वायूनं मरायचं की धुरानं, ते अल्लाला ठरवू दे. तू मदत करू नकोस."

भोंगा थांबला. ती तिच्या घरी गेली. आणि मी बसले घाबरत. तिला कळलं होतं, पण किती कळलं होतं? ती मुलाला सांगेल का? मुलगा सज्जन पण कडक, धर्माच्या बाबतीत तर फारच. आणि त्यालाही त्या दिवसांत धड झोप नसणार, कारण त्यांच्या पुढाऱ्यांनी इराकची बाजू घेतली होती आणि त्याच्या देशाच्या लोकांकडे तेव्हा सगळेच तिरके बघत होते. असल्या वेळी शेजारच्या घरात मूर्ती आहेत, हे माहीत असून गप्प बसणं त्याला परवडलं असतं का? देव पुन्हा मेतकुटात ठेवावेत असं मनात आलं, पण मग दिवा कुणापुढे लावू?

त्यात ह्यांचे फोन बंद झाले. आधी एकाआड एक दिवस यायचे, मग थांबले ते थांबलेच. मी हाज्जाच्या दाराशी जायची, ती मान हलवायची. तेल मागायची हिंमत उरली नव्हती. बाटलीत तळाला बोटभर होतं.

अशात एका दुपारी ह्यांच्या सोबतच्या एका डॉक्टरांची बायको इस्पितळाची गाडी आणि ड्रायव्हर घेऊन आली. आपल्याकडचीच, नागपूरची. मोठा हल्ला होणार अशी अफवा होती आणि इस्पितळाच्या वसाहतीत तळघर होतं.

"चल, आहेस तशी चल. मास्क घे, पासपोर्टची झेरॉक्स घे."

"ताई, मी नाही येत. माझा दिवा..."

"लाइट मी बंद करते. तू चपला घाल!"

तिनं खरोखरच सगळ्या ट्यूबलाइट बंद केल्या आणि मला दंडाला धरून जिन्यात काढलं. संध्याकाळी परत सोडते म्हणाली. पण भोंगे वाजत राहिले, रस्ते अडवले, आणि आम्ही तळघरातच अडकलो. तिथे बायका दागिने आणि पोरं पोटाशी धरून बसल्या होत्या. मी बोटभर तेलाचा विचार करत होते. ते किती पुरणार ते मला चांगलं ठाऊक होतं. वात कोरडी पडेल, लाल होईल, धूर निघेल, खलास. आणि मग सरहद्दीवर काय होईल, तेही मला अगदी स्पष्ट दिसत होतं. आज हसू येतं. एवढं मोठं युद्ध, इतक्या देशांची विमानं, आणि सगळ्याचा निकाल माझ्या कपाटातल्या वातीवर! पण तेव्हाच्या त्या शहाणीला तळघरात हसू येत नव्हतं. तिनं तो सगळा वेळ डोळ्यांपुढे तेल आटताना बघण्यात काढला.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर घरी सोडलं. दोन-दोन पायऱ्या घेत जिना चढले. स्वयंपाकघरात गेले. कपाटाचं दार अर्धं उघडं होतं.

दिवा जळत होता.

काठोकाठ भरलेला, वात पुढे सारलेली. आणि तेल सगळीकडे. फळीवर, फळीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर ओघळ. अन्नपूर्णा तेलात बसलेली, आणि बाळकृष्ण तर डोक्यापासून गुडघ्यापर्यंत निथळत होता. त्याच्या जन्मात त्याला असा अभिषेक कुणी घातला नसेल.

मी तशीच हाज्जाकडे गेले. तिनं दार उघडलं, मला आपादमस्तक बघितलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि मग रागावली.

"कुठे मेली होतीस? काल संध्याकाळपासून तीनदा आले मी चावी लावून. मुलगा झोपलाय म्हणून बघायचं, मग यायचं. ह्या गुडघ्यांनी!"

"खालती, तुम्ही... तुम्हाला कसं..."

"ज्याच्या गावात तेलाचे घाणे आहेत त्याला जळत्या तेलाचा वास कळत नाही? पहिल्या दिवसापासून येतोय तुझ्या दाराखालून. केसांना म्हणे!"

ती पुढे झाली, आवाज खाली आणून.

"तुझ्या दिव्यापुढे कोण बसलंय ते मी बघितलं नाही हां. तोंड फिरवून ओतलं. म्हणून सांडलंय. ते तू पूस."

मग तिनं मला चहा दिला, पुदिना घातलेला, आणि सांगितलं. तिच्या गावाच्या टेकडीवर एका जुन्या संताची कबर होती, छोट्या घुमटाखाली. बायका तिथे मातीच्या पणत्यांमध्ये तेल घालून नवस बोलायच्या. मुसलमान बायका तशा शेजारच्या वस्तीतल्या ख्रिस्ती बायकाही. तिचे वडील लढायला गेले तेव्हा तिच्या आईनं तेलाचा एक डबा बोलला होता.

"परत आले वडील?"

"आले. एका पायानं. शेजारणी म्हणाल्या, आता अर्धाच डबा वाहा. आईनं पूर्ण वाहिला. म्हणाली, मी माणूस मागितला होता, पाय मागितले नव्हते."

"मग तुम्ही तुमच्या धाकट्यासाठी दिवा का नाही लावत?"

तिनं कप खाली ठेवला. "कुठे लावू? ती टेकडी तिकडे, मी इकडे. आणि हे घर मुलाचं. तो म्हणतो ते अडाणीपण होतं, धर्मात बसत नाही. असेल. तो शिकलेला आहे." एवढं बोलून तिनं माझी रिकामी बाटली ओढून घेतली आणि भरायला लागली.

हे आले ते युद्ध थांबल्याचं रेडिओवर सांगितल्यानंतर, एका पांढऱ्या व्हॅनमधून. गाल आत, दाढी वाढलेली, शर्ट दुसऱ्याच कुणाचा. मी ठरवलं होतं ओवाळायचं, दारात भाकरतुकडा टाकायचा. प्रत्यक्षात नुसती बघत उभी राहिले.

"कसला वास येतोय गं घरात?" ह्यांनी विचारलं.

"तुमच्या आयुष्याचा," मी म्हटलं आणि मग मला जे रडू फुटलं ते ह्यांनाच आवरावं लागलं.

आंघोळ करून ह्यांनी कपाटापुढे हात जोडले. जळालेल्या फळीवरून बोट फिरवलं. "घरमालक कापून काढणार आपल्याला. बरं, नवस फिटला ना? आता तेल संपलं की दिवा आपोआप शांत होईल."

मी बाटली उचलली आणि दिवा पुन्हा भरला.

"अगं, आता कशाला? आलोय ना मी?"

"तुमचं झालं. आता हाज्जाच्या मुलाचं."

ते मोरीच्या कट्ट्यावर बसलेच. "तुला कळतंय का काय करत्येस? मूर्ती, दिवा, आणि वर मुसलमानाच्या मुलासाठी नवस! इकडचे आपल्याला पकडतील, तिकडचे वाळीत टाकतील."

"मग तुम्ही ओरडू नका ना, म्हणजे कुणाला कळणार नाही."

पण एक अडचण होती. संकल्प सोडायचा तर माणसाचं नाव लागतं. मी हाज्जाचं दार वाजवलं.

"खालती, तुमच्या धाकट्याचं पूर्ण नाव काय?"

"का?"

"सांगावं लागतं. नाहीतर कुठला माणूस आणायचा ते कळणार कसं?"

"त्याला सांगावं लागतं?" हाज्जानं वर बोट केलं.

"आमच्याकडे सांगतात. बापाचंही सांगतात."

मग तिनं नाव सांगितलं. मुलाचं, त्याच्या बापाचं, त्याच्या बापाचं, आणि शेवटी गावाचं. हळूहळू, मला नीट पाठ व्हावं म्हणून दोनदा. मी घरी येऊन तळहातावर पाणी घेतलं आणि ती सगळी साखळी देवांना ऐकवली. गोत्र विचारायचं धाडस झालं नव्हतं. त्या जागी गाव घातलं.

युद्ध संपलं तरी कुवेतचं संपलं नव्हतं. तिथल्या पॅलेस्टाइनच्या लोकांचं आता काय होणार, ह्याच्या बातम्या दिवसेंदिवस वाईट येत होत्या. हाज्जा रेडिओ बंद करून टाकायची. रोज सकाळी तिचा मुलगा कामाला गेला की आमच्या दाराबाहेर अर्धी भरलेली बाटली असायची. आणि आमचे हे, तेच, विमानतळावर पिवळे पडलेले, कामावर जायच्या आधी मुकाट्यानं वात पुढे सारायचे. एकदा तर मी झोपून राहिले तेव्हा त्यांचा आवाज ऐकला. कपाटापुढे उभे राहून ते हाज्जाच्या मुलाचं नाव म्हणत होते आणि आजोबाच्या नावाशी अडखळत होते.

उन्हाळा तापायला लागला होता. एका सकाळी मी कणीक मळत होते आणि भिंतीपलीकडे फोन वाजला. मग हाज्जाची किंकाळी. ती रडण्याची की आनंदाची, काही कळेना. मी तशीच धावले, कणकेच्या हातांनी. दार उघडंच होतं. ती जमिनीवर बसली होती, फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून. मला बघून तिनं एक हात सोडला आणि माझं मनगट धरलं. "अम्मानला पोचला, जॉर्डनमध्ये," ती मला म्हणाली, "बायकापोरांसकट." आणि लगेच फोनमध्ये, अम्मानपर्यंत फोनशिवायच ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, ओरडली,

"ते सगळं मागाहून सांग! जेवलास का? आधी सांग, तू जेवलास का?"